परिच्छेद ९ आणि परिच्छेद १४ : न्यायनिर्णय छापणाऱ्या प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ व व्यवस्थापन,
न्यायनिर्णयांचे मासिक अहवाल व डायजेस्ट छापणारी आपली संस्था

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चोवीस वर्षांपासून वकिली करते. कामं बहुतेक दिवाणी, म्हणजे वाटणीची, बांधाची, कुळाची, इनामाची. आपल्या मासिकाची मी तेवढ्याच वर्षांची वर्गणीदार आहे. त्याच्या आधीचे बांधीव खंड माझ्या सीनिअरांनी घेतलेले, तेही आज माझ्याच कपाटात आहेत. गेल्या पावसाळ्यापासून मी आपल्याला तीन पत्रे लिहिली. त्यातली दोन रजिस्टरने, पोचपावतीसह. पावत्या परत आल्या, उत्तर आले नाही. म्हणून हे चौथे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी घेत नाही. ज्या चुकांबद्दल बोलणार आहे त्या एकाच घरच्या नाहीत, आणि मला कोणाची बदनामी करायची नाही, दुरुस्ती करून घ्यायची आहे. माझी पत्रे ज्यांच्या टेबलावर पडून आहेत त्यांना हे कोणासाठी लिहिलंय ते कळेल.

आधी घडले ते सांगते.

दुधना काठच्या एका गावातली साठीची विधवा बाई माझी पक्षकार. मी त्यांना मावशी म्हणते. नवऱ्याच्या माघारी पुतण्यांनी त्यांना वावरात पाय ठेवू दिला नाही. सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे, पीकपाणी पुतण्यांच्या नावे. आम्ही वाटणीचा दावा लावला आणि निशाणी ५ वर, म्हणजे दाव्याबरोबरच्या मनाईच्या अर्जावर, तात्पुरती मनाई मागितली, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये. एवढेच मागणे होते. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा धरतात, हे दिवाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, म्हणून मी त्या दिवशी निवांत होते.

समोरच्या वकिलांनी युक्तिवादाच्या शेवटी आपल्या अंकातल्या एका पानाची झेरॉक्स दिली. औरंगाबाद खंडपीठाचा निकाल, आणि हेडनोट, म्हणजे निकालाच्या माथ्यावर संपादकाने लिहिलेला सारांश, अशी की ताब्यात नसलेल्या सहहिस्सेदाराला विक्रीविरुद्ध मनाई मागता येत नाही. पुढे कंसात परिच्छेद ९. समोरच्या वकिलांचा यात दोष नव्हता, त्यांनी पानावर होते ते दिले. मी पूर्ण निकाल मागितला. त्यांच्याकडेही तो नव्हता, कारण तो आपण छापलाच नव्हता. अंकाच्या मागच्या भागात आपण संक्षिप्त नोंदी देता ना, त्यातली ती एक नोंद होती. पक्षकारांची नावे, प्रकरणाचा क्रमांक आणि चार ओळींची हेडनोट, बस्स. त्याच क्रमांकाने मी दुपारच्या सुट्टीत बार रूममध्ये बसून मोबाइलवर हायकोर्टाच्या संकेतस्थळावर शोधले. भलतेच प्रकरण निघाले. नंतर कळले की क्रमांकातले वर्ष आपल्याकडे चुकीचे छापले गेले होते.

निशाणी ५ नामंजूर झाली. आदेशात त्या सायटेशनचा, म्हणजे आधार म्हणून दिलेल्या त्या निकालाचा, उल्लेख आहे, शब्दशः हेडनोट उतरवलेली आहे. तेविसाव्या दिवशी पुतण्यांनी दोन एकरांचे खरेदीखत नोंदवले.

खंडपीठात वकिली करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने पक्षकारांच्या नावावरून शोधून तो निकाल मला पाठवला, तोवर तीन आठवडे उलटून गेले होते. रात्री जेवण झाल्यावर ओट्यापाशीच उभी राहून मी तो वाचला. परिच्छेद ९ अपिलार्थीच्या वकिलांच्या युक्तिवादाचा. पहिलेच वाक्य, अपिलार्थीच्या विद्वान वकिलांचे असे म्हणणे आहे की. आणि परिच्छेद १४ मध्ये न्यायमूर्तींनी ते म्हणणे फेटाळून लावले आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांचा, म्हणून मनाई कायम. म्हणजे वकिलाने मागितले आणि कोर्टाने नाकारले, तेच आपण कोर्टाचा निर्णय म्हणून छापले. ज्यांनी ही हेडनोट लिहिली त्यांनी आणखी पाच परिच्छेद वाचले असते तर हे झाले नसते.

वरच्या कोर्टात किरकोळ दिवाणी अपील केले. अकरा महिन्यांनी मंजूर झाले, आदेश फिरला. पण खरेदीदार तोवर आत आलेला. दावा चालू असताना झालेली खरेदी दाव्याच्या निकालाला बांधील असते हे कलम ५२ मला माहीत आहे, मावशींनाही मी ते समजावून सांगितले. मात्र त्या खरेदीदाराने बोअर घेतला, पाइप टाकला, आता तो दाव्यात नवा प्रतिवादी आहे, त्याचे समन्स, त्याची कैफियत, त्याच्या तारखा. मावशी प्रत्येक तारखेला एसटीने येतात आणि पायरीवर बसतात. एकदा त्यांनी मला विचारले, "ताई, त्या पुस्तकवाल्याला माझं वावर कुठं हाय ते तरी ठाऊक हाय का?"

हा प्रश्न मी आपल्यापर्यंत पोचवते आहे. माझ्या पहिल्या पत्रात तो होता.

आपण म्हणाल की हेडनोट हा निकालाचा भाग नसतो, वकिलाने मूळ निकाल वाचायला हवा. बरोबर आहे. माझे सीनिअर मला हेच शिकवून गेले. ते निकाल मागून वाचायचे. आधी शेवटचा आदेश, मग त्याची कारणे, मग वर वर सरकत युक्तिवाद, आणि हेडनोट सगळ्यांत शेवटी. जिथे हेडनोट आणि निकाल जुळत नाही तिथे समासात शिसपेन्सिलीने एक फुली. त्यांच्या १९८० च्या दशकातल्या खंडांत अशा फुल्या मला क्वचित सापडतात. अलीकडच्या अंकांत मी स्वतः त्या मारते, आणि त्या क्वचित राहिलेल्या नाहीत. पण तालुक्याच्या कोर्टात बोर्डावर दिवसाला साठ-सत्तर प्रकरणे असतात. न्यायाधीशांसमोर सायटेशन येते ते झेरॉक्सच्या एका पानावर, पिवळ्या रंगाने खूण केलेले, आणि ती खूण हेडनोटवर असते. ज्या नोंदीखाली निकालच छापलेला नाही तिथे मूळ काय वाचायचे, हेही आपणच सांगावे.

आणि या विश्वासाला कायद्याचा आधार नाही, ही गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. १८७५ च्या लॉ रिपोर्ट्स कायद्याच्या कलम ३ प्रमाणे सरकारी अधिकाराने छापलेल्या अहवालाखेरीज दुसरा अहवाल ऐकून घेण्याचे बंधन हायकोर्टाच्या निकालांबाबत कोणत्याही कोर्टावर नाही. तरी दीडशे वर्षे खासगी अहवाल चालत आले, ते केवळ त्यांच्या चोख कामावर. आपल्या राज्यात मुंबईचे बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून आणि नागपूरचे ऑल इंडिया रिपोर्टर त्यानंतर निघाले, त्या परंपरेने वकिलांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. आपण त्याच परंपरेत उभे आहात म्हणून आपल्याशी भांडायला येते आहे.

आता बाकीची गाऱ्हाणी.

शुद्धिपत्र. चूक कळवल्यावर आपण छापील अंकात एक ओळही दिली नाही. आपल्या ऑनलाइन सेवेत मात्र ती हेडनोट गुपचूप बदलली गेली. कधी बदलली, आधी काय होते, याची तिथे कसलीही नोंद नाही. ज्यांच्या कपाटात छापील अंक आहे त्यांच्याकडे चुकीचीच हेडनोट राहणार, आणि उद्या ती पुन्हा एखाद्या निशाणी ५ वर दाखल होणार. चूक माणसाकडूनच होते, मी त्याबद्दल तक्रार करत नाही. चूक सापडल्यावर ती झाकली, याबद्दल करते आहे.

रद्द ठरलेले निकाल. मुलींच्या हक्काबाबत काय झाले ते आपल्याला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात सांगितले की वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असेल तरच मुलीला सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा असणाऱ्याचा, हक्क. १ फेब्रुवारी २०१८ रोजी दनम्मा प्रकरणात बाप २००१ सालीच वारलेला असूनही मुलींना हिस्सा दिला. मग ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात हा गुंता सोडवला, की हक्क जन्माने आहे, बाप त्या तारखेला हयात असायची गरज नाही, आणि फुलवती रद्द. हा निकाल खेड्यापाड्यांतल्या किती बायकांच्या पदरात पडला ते मी रोज पाहते. त्याच्या नंतर दोन वर्षांनी निघालेल्या आपल्या डायजेस्टमध्ये फुलवतीची हेडनोट जशीच्या तशी आहे, रद्द ठरल्याचा शब्दही शेजारी नाही. दोन पाने उलटली की विनीता शर्मा आहे. ज्युनिअर मुलगा पहिले पान उघडतो, पाहिजे ते सापडले की तिथेच थांबतो. माझ्याच ऑफिसातल्या ज्युनिअरने असा एक जबाब लिहून आणला होता. मी तो टाइप होण्याआधी वाचला म्हणून वाचलो.

मराठवाड्याचे कायदे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे दुखणे आमचे एकट्याचे आहे आणि ते दुसरे कोणी मांडणार नाही.

एका महाराष्ट्रात कूळकायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबईचा, विदर्भाला १९५८ चा, आणि आम्हाला १९५० चा हैदराबादचा. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, पण जमिनीचे कायदे आमच्याबरोबर आले ते आजतागायत आहेत. संरक्षित कुळाचे कलम ३८, मालकीच्या प्रमाणपत्राचे ३८-ई, विक्रीच्या परवानगीचे ५०-बी. इनामांसाठी १९५४ चा वेगळा कायदा, अतियातसाठी, म्हणजे इनामांच्या चौकशीसाठी, १९५२ चा वेगळा. मुंतखब, खासरा पाहणी पत्रक, मदतमाश, खिदमतमाश हे शब्द आमच्या कोर्टात आजही रोज कानावर येतात. जुन्या मिसलीतला उर्दू कागद वाचून देणारे म्हातारे आता तालुक्यात एखाद-दुसरेच उरले आहेत.

आपल्या विषयसूचीत हे सगळे मुंबई कूळकायद्याच्या मथळ्याखाली येते. ३८-ई वरचा खंडपीठाचा निकाल मी आपल्या सूचीत मुंबई कायद्याच्या कलम ३२ खाली पाहिला आहे. कलम ३२ म्हणजे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक झाले असे तो कायदा धरतो. तो दिवस आमच्या कायद्यात नाहीच. पुण्यात किंवा मुंबईत बसून सूची करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत असतील, पण त्या एका तारखेवर इकडे कोणाची जमीन राहते आणि कोणाची जाते. शिवाय हैदराबाद कायद्यांवरचे बरेचसे निकाल आपण पूर्ण छापतच नाही, त्यांची गत त्या संक्षिप्त नोंदींत. वाचणारे थोडे, म्हणून पाने द्यायची नाहीत, असा हिशेब असेल तर तो आम्हाला उघड सांगा. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठाचे कामकाज सुरू झाले, त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी किती वर्षे घालवली ते माझ्या सीनिअरांच्या तोंडून ऐकले आहे. न्याय जवळ आणायला एवढे केले, आणि त्याच खंडपीठात आमच्याच जमिनींवर लागलेला निकाल आमच्या तालुक्यात वाचायला मिळत नाही.

क्रमांक. आता हायकोर्ट आपल्या निकालांना स्वतःचा तटस्थ क्रमांक देते, वर्ष, मग बीएचसी-एयूजी, मग आकडा. तो कोणाच्या मालकीचा नाही, कोणालाही फुकट शोधता येतो. आपल्या छापील अंकात तो बहुतेक ठिकाणी नसतो, फक्त आपल्या मालिकेचा खंड आणि पान असते. म्हणजे ज्याच्याकडे आपली मालिका आहे त्यालाच निकाल सापडावा. तालुक्याच्या वकिलाला चार मालिका परवडत नाहीत. मला एकीचीच वर्गणी आणि ऑनलाइन सेवेचे पैसे मिळून गेल्या वर्षी एकोणीस हजार रुपये पडले, आणि माझ्यापेक्षा कमी कमाईवर घर चालवणारे कितीतरी जण आमच्या बार रूममध्ये आहेत. मावशींच्या प्रकरणात तो एक क्रमांक छापलेला असता तर दुपारच्या सुट्टीत परिच्छेद १४ माझ्या हातात असता.

हक्क. आपल्या ऑनलाइन प्रतीवर आडवा शिक्का असतो, की या मजकुराची नक्कल करण्यास मनाई आहे. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात हा प्रश्न सोडवला आहे. निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, संपादकाने आपले कौशल्य आणि निर्णयशक्ती वापरून जे घातले तेवढेच त्याचे. हेडनोटवर प्रकाशकाचा हक्क असतो याबद्दल तिथे वाद नव्हता, माझाही नाही. हेडनोट आपली आहे, मग तिच्यातल्या चुकीची जबाबदारीही आपलीच आहे. हे एवढे मान्य केले तरी माझ्या पत्राचे अर्धे काम होईल.

एक लहान गोष्ट, पण ती मला झोपू देत नाही. अत्याचाराच्या एका प्रकरणात आपण मुलीचे नाव गाळले, फार बरे केले. पण गावाचे नाव, मामाचे नाव आणि शाळा तशीच ठेवली. हायकोर्टाचा निकाल छापणे हा गुन्हा होत नाही, कायद्याने आपल्याला तेवढे संरक्षण दिले आहे. पण निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नावच काय, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. ते गाव पाचशे उंबऱ्यांचे आहे. तिथे तिला कोण ओळखणार नाही?

माझ्या मागण्या अशा आहेत.

ती हेडनोट चुकीची होती असे छापील अंकात, पहिल्या पानावर, जुन्या आणि नव्या मजकुरासह जाहीर करा. इथून पुढे प्रत्येक अंकात शुद्धिपत्राला कायमची जागा ठेवा, आणि ऑनलाइन केलेल्या प्रत्येक दुरुस्तीखाली तारीख द्या.

हेडनोट लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव किंवा निदान आद्याक्षरे तिच्याखाली छापा. हे काम आता यंत्राकडून करून घेत असाल तर तसे लिहा, आणि तपासणारा माणूस कोण तेही लिहा.

पूर्ण निकाल न छापता नुसती हेडनोट द्यायची असेल, तर शेजारी तटस्थ क्रमांक, प्रकरणाचा क्रमांक आणि निकालाची तारीख दिल्याशिवाय ती छापू नका.

रद्द किंवा फिरलेल्या निकालावर ठळक खूण करा, आणि जी डायजेस्ट आधीच विकली गेली आहेत त्यांच्यासाठी अशा निकालांची यादी वर्गणीदारांना फुकट पाठवा.

हैदराबाद कूळकायदा, इनाम निर्मूलन कायदा आणि अतियात कायदा यांना सूचीत स्वतंत्र मथळे द्या. त्यांवरचे खंडपीठाचे निकाल पूर्ण छापा. सूची करताना मराठवाड्यात काम केलेला एक तरी वकील बसवा. मानधनाशिवाय बसायला आमच्या बारमधले दोन ज्येष्ठ तयार आहेत, मी त्यांना विचारून हे लिहिते आहे.

या तीन कायद्यांवरच्या हेडनोटा मराठीतही द्या. खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ पासून आपला अधिकृत अहवाल ई-एससीआरवर सगळ्यांना फुकट खुला केला, त्याच्या निकालांचे मराठी अनुवादही आता मिळतात. ज्याची जमीन आहे त्याला निदान चार ओळी तरी स्वतः वाचता याव्यात.

आणि मूळ निकालाच्या मजकुरावरचा तो मनाईचा शिक्का काढून टाका.

माझी वर्गणी मार्चअखेर संपते. ती पुढे भरायची की नाही हे मी आपल्या पुढच्या दोन अंकांत काय छापून येते ते बघून ठरवीन, आणि आमच्या बार रूममधले आणखी अकरा वर्गणीदार माझ्यासोबत थांबले आहेत. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला ही मालिका बंद करायची नाही. माझ्या सीनिअरांचे खंड ज्या कपाटात आहेत त्यात पुढच्या खंडांची जागा मी मोकळी ठेवली आहे.

मावशींच्या दाव्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, खरेदीदाराच्या कैफियतीसाठी. आपल्या अंकातल्या त्या पानाची झेरॉक्स, निकालाच्या नकलेतले परिच्छेद ९ आणि १४, आणि माझ्या दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपली,
चोवीस वर्षांची एक वर्गणीदार,
वकील, जि. परभणी